काचेच्या कपाटातला चिखल

सुनेने हँगरला लावलेली जर्सी समोर धरली, तेव्हा काकूंच्या तोंडून आधी कौतुकच निघालं.

काकूंचं कौतुक काही रस्त्यावर पडलेलं नव्हतं. दवाखान्यातल्या चादरी, गॅरेजवाल्यांचे ग्रीसने माखलेले डगले, शाळेच्या पोरांची शाई, सगळं आयुष्यभर त्यांच्या लाँड्रीतल्या टबांतून गेलं होतं, आणि दुसऱ्याच्या हातचं काम त्यांना सहसा पटत नसे. मुलाने इस्त्री केलेली पँट त्या अजूनही उजेडात धरून बघत आणि काहीतरी खोट काढूनच खाली ठेवत. पण ही जर्सी बघण्यासारखीच झाली होती. फिकट पिवळी, लांब बाह्यांची, कापड विरत आलेलं. तरी रंग उतरलेला नाही, शिवण ताणलेली नाही, कॉलर कशी ताठ उभी.

"हात बसला हो तुझा," काकू म्हणाल्या. "कुणाची आहे ही?"

 सुनेने हँगर फिरवून जर्सीची पाठ दाखवली. पाठीवर एक नंबर होता, काळ्या कापडाचा, आणि त्याच्या बुडाशी हाताने घातलेले जाड टाके. ते टाके काकूंनीच घातले होते. स्वतःच्या लेकीच्या जर्सीला, ती शाळेत असताना.

काकू मागे सरकून खुर्चीवर बसल्या. खुर्ची तिथे होती म्हणून बरं, नाहीतर भिजत घातलेल्या पडद्यांवर बसल्या असत्या.

शाळा दुकानाच्या मागेच होती. मैदानाची भिंत तीच लाँड्रीच्या अंगणाची भिंत. एखादा चेंडू हमखास वाळत घातलेल्या चादरींवर येऊन पडे आणि काकू तो परत टाकताना सोबत दोन शब्दही टाकत. त्या शाळेत एक रीत होती. मोठी स्पर्धा जिंकलेल्या संघातल्या एकाची जर्सी अंतिम सामना संपल्यावर अंगावरून काढायची आणि तशीच, घामामातीसकट, व्यायामशाळेतल्या काचेच्या कपाटात टांगायची. धुवायची नाही. पाण्याचा थेंब लागला की जर्सी बाद आणि तिच्यापायी संघही बाद. ही रीत घातली खेळाच्या सरांनी, आणि त्याला कारण होतं. कधीकाळी एका संघाने दुकानातून नवी कोरी जर्सी आणून "हीच ती" म्हणून कपाटात लावायला दिली होती. सरांचं डोकं फिरलं. कापड कुणीही विकत आणेल, माती खेळल्याशिवाय लागत नाही, असं म्हणून त्यांनी नियम केला तो केला. सर निवृत्त होऊन जमाना झाला, पण कपाटाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात होती आणि ती मागायची छाती एकाही मुख्याध्यापकाला झालेली नव्हती.

तर अशी, चिखल जपून ठेवणारी शाळा आणि चिखल काढून पोट भरणारं घर, एकाच भिंतीला पाठ लावून नांदत होती.

त्या कपाटात मुलींच्या संघाची जर्सी एकच, आणि ती काकूंच्या लेकीची. सरांनी फुटबॉलसाठी वर्गावर्गातून मुली गोळा केल्या तेव्हा गाव हसलं होतं. एक नुसतीच उंच होती, एक पळायला चपळ पण चेंडू दिसला की डोळे मिटणारी, दोघी इतक्या भांडखोर की सरांनी त्यांना मैदानाच्या दोन टोकांना उभं केलं. लेक गोलात उभी राहिली, कारण व्हॅनमधून फेकलेली मळक्या कपड्यांची गाठोडी झेलायची तिला लहानपणापासून सवय. वर्ष संपेस्तोवर हसणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. अंतिम सामन्यात मैदान ओलं होतं, मुली एका गोलने पुढे होत्या, आणि अगदी शेवटी समोरच्या संघातली एक दांडगी पोरगी एकटीच चेंडू घेऊन धावत आली. लेकीने अंग झोकून दिलं, चेंडू छातीशी कवटाळला आणि चिखलातून घसरत खांबाला जाऊन धडकली. शिट्टी वाजली तरी चेंडू सोडेना. त्या जर्सीवर नुसता चिखल नव्हता. छातीवर चेंडूचा ठसा उठला होता, त्याच्या शिवणीच्या रेघांसकट. सर नव्या पोरांना दर वर्षी कपाटासमोर नेऊन तो दाखवत.

आता येत्या रविवारी शाळेत मोठा सोहळा होता. शाळेचे आजवरचे गाजलेले संघ, गाजलेले खेळाडू, सगळ्यांचा सत्कार. जुनं कपाट काढून अख्खी भिंत काचेची केली होती. तिथे लावण्याआधी जर्सींवरची धूळ तेवढी मऊ ब्रशने झटका, उसवलं असेल तिथे टाका घाला, आणि पाणी म्हणून लावू नका, असं बजावून सरांनी त्या लाँड्रीत पाठवल्या होत्या. काकूंच्या घरावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

"पाणी लावायचं नाही हे तुला माहीत होतं की नाही?" काकूंनी विचारलं. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज खाली गेला की लोक जास्त घाबरत.

"माहीत होतं, आई."

"मग?"

सुनेने सांगितलं ते असं. बाकीच्या जर्सी तिने नीट झटकून, टाके घालून बाजूला ठेवल्या. ही शेवटची. हिच्या बाहीवर, चिखलापासून लांब, एक हिरवट डाग होता. गवताचाही नव्हता, चिखलाचाही नव्हता. टांगून टांगून बुरशी धरली असेल. तो काही सामन्यातला नव्हे, म्हणून तिने ओल्या बोटाने एवढासा पुसला. तो गेला, पण त्याच्याभोवतीचं कापड अचानक कळकट दिसायला लागलं. मग ते थोडं पुसलं. मग बाहीचा तेवढा तुकडा असा उठून दिसायला लागला, की जणू जर्सीला ठिगळ लावलंय. मग कड मिळवून घ्यायला म्हणून खांद्यापर्यंत.

"आणि खांद्यापर्यंत आल्यावर?"

"तोवर छातीवर पाणी उतरलं होतं, आई. ठसा अर्धा पसरलाच होता. अर्धा डाग मला बघवेना. माझे हात थांबेचनात."

 कुणा दुसऱ्या घरची सून असती तर तिने बाही पुसून सोडून दिलं असतं. ही पोरगी लग्न होऊन आली तेव्हा हिला साबण आणि सोडा यातला फरक कळत नव्हता. हिला हाताला धरून शिकवलं ते काकूंनीच, आणि पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच, की डाग अर्धवट ठेवून टेबलावरून उठायचं नाही. आता रागवायचं तर कुणावर रागवायचं.

सुनेने एक वाट काढून ठेवली होती. चेहरा पडलेला असला तरी डोकं चालू होतं तिचं. भिंतीपलीकडे तेच मैदान आहे, माती तीच आहे, एक चेंडू मागून आणते, पाण्यात माती कालवून ठसा परत उठवते, कुणाच्या बापाला कळणार नाही, असं ती म्हणाली. आणि खरंच कळलं नसतं. जी बाई डाग असा काढू शकते, तिला तो घालणं काय अवघड.

"ऐक," काकू म्हणाल्या. "या दुकानातून डाग जातात. या दुकानात डाग बनत नाहीत. माझ्या लेकीने जो चेंडू अडवला, त्याची नक्कल तू अंगणात बसून करणार? चप्पल घाल. सरांकडे जाऊ."

सर व्यायामशाळेतच होते. नव्या काचेच्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसले होते आणि प्रत्येक संघाखाली लावायची पाटी स्वतःच्या अक्षरात लिहीत होते. त्यांचं अक्षर मोत्यांसारखं होतं, आणि ते हे स्वतः सांगत. काकूंनी आडपडदा ठेवला नाही. जर्सी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, धुतली गेलीय, आमच्याच हातून, आता काय करायचं ते बोला.

सरांनी जर्सी उलटीपालटी केली. बराच वेळ ते तिच्या छातीवरून बोट फिरवत राहिले, जिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी समोरची मुलींच्या संघाची लिहिलेली पाटी उचलली आणि उलटी करून ठेवली.

सून रडकुंडीला आली. काकू मात्र खवळल्या. जर्सी बाद म्हणजे पोरी बाद, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, हॉकीच्या पोरांना मी याच दारातून परत पाठवलं होतं. त्या वर्षी एकही सामना न हरता आलेली पोरं. कर्णधाराची आई जर्सी धुऊन, घडी घालून, स्वतः घेऊन आली होती. मी तिच्या हातात परत दिली. त्या संघापेक्षा चांगला संघ या शाळेने पाहिलेला नाही, आणि या भिंतीवर तो नाही. आता माझ्या लाडक्या मुलींसाठी नियम मोडू? मग त्या बाईला कुठल्या तोंडाने परत पाठवलं होतं मी?"

त्या हॉकीच्या कर्णधाराला सगळे ओळखत होते. चौकातले दाताचे डॉक्टर तेच. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचे अध्यक्षही तेच, ही काचेची भिंत उभी करण्यासाठी धावपळ केली तीही त्यांनीच. दुसऱ्यांच्या जर्सींसाठी.

संध्याकाळी लेक आली. ती गोदीत क्रेन चालवायची. नारिंगी जाकीट आणि जाड बूट तसेच घालून, कामावरून थेट. काकूंनी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की ये, बोलायचंय. नणंद-भावजयीचं आधीच फारसं सूत नव्हतं. भांडण असं नाही, पण लेक आली की सुनेच्या हातून कपबशी वाजायची. काकूंनी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, की मी सांगीन, चूक अंगावर घेईन, पोरीला मध्ये येऊ देणार नाही. पण लेकीने बूट काढायच्या आतच सून पुढे झाली.

"ताई, तुमची जर्सी मी धुतली. आईंनी नाही. त्या घरात नव्हत्या. ठसा गेला."

लेकीने जर्सी घेतली. तिने पाठीवरचा नंबर पाहिला नाही, काही नाही. सरळ छातीवर तळहात ठेवला, बरोबर तिथे.

"इथे होता," ती म्हणाली.

मग खाली बसली आणि बोलली तेही आईकडे बघून नाही, जर्सीकडे बघून. क्रेनची परीक्षा होती त्या दिवशी म्हणे ती आधी शाळेत जाऊन आली होती. सगळे पुरुष उमेदवार, ही एकटी बाई. व्यायामशाळेत जाऊन काचेला नाक लावून ठसा बघितला आणि मग वर चढली. नंतरही कितीदा. लग्न ठरत होतं तेव्हा, मोडलं तेव्हा. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, लेक शाळेवरून येते ती रस्ता जवळचा म्हणून.

सुनेच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडू नको," लेक म्हणाली. "आधीच पुरेसं पाणी लागलंय तिला."

हे ऐकून काकूंना एकदम हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. सुनेने मात्र मान वर करून नणंदेकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच बघत राहिली.

"माझं सोड, आई," लेक पुढे म्हणाली. "ठसा गेला तरी बॉल मी अडवलाच होता. पण त्या बाकीच्यांना काय सांगू? उंच होती ती रजा काढून निघालीय, प्रवासात असेल आता. दोघी भांडखोर एकाच गाडीतून येतायत, विचार कर. सगळ्यांनी पोराबाळांना सांगून ठेवलंय, की चला, आई भिंतीवर आहे ते दाखवते. मी फोन करून सांगू, की येऊ नका?"

"कुणालाही फोन करायचा नाही," काकू म्हणाल्या. "रविवारी तुम्ही भिंतीवर असाल."

"सर ऐकणार नाहीत."

"सरांना कोण विचारतंय?"

दुसऱ्या दिवशी काकू चांगली साडी नेसून निघाल्या. यजमानांनी गल्ल्यावरून विचारलं, कुठे. दाताच्या डॉक्टरकडे, असं कळल्यावर ते म्हणाले, कुठला दात दुखतोय. "अजून ठरायचंय," असं म्हणून काकू पायऱ्या उतरल्या.

दवाखान्यात त्यांनी रीतसर नंबर लावला आणि नंबर आल्यावर त्या पसरट खुर्चीवर रीतसर आडव्या झाल्या. डॉक्टरांनी तोंडाला फडकं बांधलं, दिवा ओढला आणि म्हणाले, "काकू, आ करा."

"आ नंतर. तोंडात हत्यारं घातलीस की मला बोलता येणार नाही, आणि मी बोलायला आलेय." डॉक्टरांना त्या लहानपणापासून अरेतुरे करत. त्यानेही कितीदा चेंडू त्यांच्या चादरींवर मारला होता. "तुझ्या आईने जर्सी का रे धुतली?"

डॉक्टरांचा हात दिव्यावरच राहिला. असा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. ती जर्सी धुतली हे सगळ्यांना माहीत होतं. का धुतली याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. ते स्टुलावर बसले. सांगितलं, की आईला वाटलं, दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांसमोर उभं राहायचं पोराला, फोटो निघेल, मळक्या कपड्यात कसं पाठवायचं. तिने हाताने धुतली, चुलीच्या उबेला वाळवली, घडी घातली आणि इतक्या आनंदात घेऊन गेली. सरांनी परत केल्यावर ती कुणाला काही बोलली नाही. फक्त त्यानंतर कधी मैदानावर आली नाही. पोरगा पुढे कॉलेजकडून खेळला, करंडक आणले, ती घरीच थांबली. जर्सी मात्र तिने तशीच घडी घालून शेवटपर्यंत स्वतःच्या साड्यांत ठेवली होती. आता डॉक्टरांकडे होती.

मग काकूंनी आपली गोष्ट सांगितली. बाही, हिरवट डाग, खांद्यापर्यंतची मजल, सगळं. डॉक्टर ऐकता ऐकता आधी ताठ झाले, आणि एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की आता कळलं का कसं वाटतं ते. काकूंनी ते टिपलं आणि येऊ दिलं. तेवढा हक्क होता त्याचा.

"सर त्यांच्या मुलींसाठी नियम मोडणार नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि मला ते पटतं. तुला बाहेर ठेवून माझ्या लेकीला आत घेतलं तर मीच तिला भिंतीवरून उतरवीन. नियम तुझ्यावर चालला, तर तो काढा असं म्हणायचा मान तुझा. दुसऱ्या कुणी म्हटलं तर ती वशिलेबाजी. तू म्हणालास तर सरांना बोलायला जागा नाही."

डॉक्टर बराच वेळ हातातला आरसा पुसत बसले. मग म्हणाले, येतो, पण माझी एक अट आहे. आणि अट सांगितली.

अट ऐकून काकूंना तो पोरगा एकदम आवडला. उठताना त्याने तरीही आ करायला लावलाच, आणि एक दाढ किडलीय म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, रविवारनंतर बघू.

दुपारी व्यायामशाळेत सगळे जमले. सर स्टुलावर, डॉक्टर हातात कागदात गुंडाळलेली घडी घेऊन, काकू, आणि काकूंनी मुद्दाम सोबत आणलेली सून. ती दाराशीच उभी राहत होती. काकूंनी तिला दंडाला धरून पुढे घेतलं. डॉक्टरांनी कागद उलगडला. निळी हॉकीची जर्सी, घड्यांच्या रेघा पडलेली, आणि स्वच्छ.

"सर, तो नियम माझ्या संघावर चालला होता," डॉक्टर म्हणाले. "आज मी म्हणतो, काढा. तुम्हाला माती कशाला हवी होती? पोरं खेळली याची खूण म्हणून. आम्ही खेळलो नाही असं म्हणणारा कुणी आहे?"

सर म्हणाले, कुणी नाही.

"मग दोन्ही संघ लावा. पण आमच्या पाटीवर सगळ्या खेळाडूंच्या नावांखाली, तुमच्या नावाखाली, आणखी एक ओळ पाहिजे. कपडे धुतले, कर्णधाराच्या आईने. तुमच्या अक्षरात."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खेळाच्या इतिहासाच्या भिंतीवर धुण्याभांड्याचा हिशोब लिहायचा का, असं ते म्हणाले. उद्या डबा भरून देणारीचं लिहा, परवा वेण्या घालून देणारीचं लिहा.

"लिहा की," काकू म्हणाल्या. "भिंत मोठी आहे."

 भिंतीवर लागलेल्या जर्सी काचेआडून बघत होत्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या त्या मुलाचा घामाने पिवळा पडलेला बनियन, ज्याने शेवटची फेरी फाटक्या बुटाने पूर्ण केली. व्हॉलीबॉलच्या संघाची जर्सी, पोटावर घसरून घसरून जिला पुढून भोकं पडली होती. जलतरणपटूचा टॉवेल, कारण पोहणाऱ्याच्या अंगावर माती आणायची कुठून, यावर सरांनी त्या वर्षी आठवडाभर डोकं खाजवलं होतं. काकूंनी टॉवेलकडे बोट दाखवलं.

"सर, हा तर अख्खा पाण्यात बुडालेला आहे. त्याला कसा घेतलात?"

सरांनी टॉवेलकडे पाहिलं. मग दोन्ही जर्सींकडे. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि हॉकीसाठी कोरी पाटी पुढे ओढून लिहायला घेतलं. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी डॉक्टरांना आईचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत ते त्यांना माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं, आणि सरांनी ते बाकी नावांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात काढलं.

मग मुलींची पाटी त्यांनी सुलटी केली.

"पण इथे मी खरं ते लिहिणार," सर म्हणाले. हट्ट काही सुटत नव्हता. "जर्सी गोलरक्षिकेच्या भावजयीने धुतली. यंदा. न विचारता."

सुनेने मान खाली घातली. काकूंनी घातली नाही.

"लिहा," काकू म्हणाल्या. "आणि पुढे हेही लिहा, की एक डाग राहिला नाही."

सरांनी ते लिहिलं नाही, पण ओठांतल्या ओठांत हसले. काकूंना तेवढं पुरे होतं.

रविवारी व्यायामशाळा तुडुंब भरली. संघामागून संघ मंचावर गेले. फाटक्या बुटाचा धावपटू आता टक्कल पडलेला गृहस्थ होता. तो अजूनही पायऱ्या धावतच चढला. जलतरणपटूने आपल्या टॉवेलकडे बघून कपाळाला हात लावला. हॉकीचा संघ उठला तेव्हा आधी कुणाला कळेना, हे कोण. मग मुख्याध्यापिकांनी पाटी वाचायला घेतली, आणि शेवटची ओळ आली तशी डॉक्टरांनी मान वळवली आणि दुसरीकडे बघू लागले. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती सरांनी.

मग मुलींचा संघ. पाटीवरचं "न विचारता" ऐकून अख्खा हॉल हसला. सून शेवटच्या रांगेत खाली वाकून लपत होती, लेकीने मंचाकडे जाता जाता वाट वाकडी केली, तिच्या खांद्यावर आपलं नारिंगी जाकीट टाकलं, म्हणाली, "धर हे. आणि धुऊ नको." आणि वर गेली.

त्या एकेक करून वर चढल्या. उंच होती ती आता थोडी वाकून चालायची. दोघी भांडखोर पायरीवरसुद्धा पुढे कोण यावरून अडल्या. सगळ्याच भरल्या अंगाच्या झाल्या होत्या, आणि मंचाच्या फळ्या कुरकुरायला लागल्या. काकूंच्या मागच्या रांगेतला एक पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, या बायका आता काय फुटबॉल खेळणार, मंच मोडला नाही म्हणजे मिळवली.

काकू पूर्ण वळून बसल्या. त्या विजयानंतर शाळेने मुलींचा संघ पुन्हा उतरवलाच नव्हता, त्यामुळे हा संघ जिंकून थांबला तो थांबला, हे त्या पाहुण्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"वजन वाढलंय, खरं आहे," त्या त्याला म्हणाल्या. "पण हरल्या अजून एकदाही नाहीत. तुमची पोरगी खेळते का? पाठवा, बघू."

आणि त्या पुन्हा पुढे वळून, हात वर करून, टाळ्या वाजवायला लागल्या.